ब्रह्मदेशाची पोती, आक्काची हळद

ब्रह्मदेशातून तूर भरून आलेली रिकामी पोती मी तेलुगू छपाईची समजून विकत घेतली आणि माझ्या सख्ख्या बहिणीची वर्षभराची हळद त्यात भरली.

बरोबर वाचलंत. मी काही प्यायलो नव्हतो, घाईत नव्हतो आणि मला कुणी फसवलंही नव्हतं. उलट बारदानवाला, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा व्यापारी, बिचारा मला साधी कोरी पोती काढून दाखवत होता. मीच म्हणालो, "ही नको. ती छापलेली दे."

आता यामागचं माझं डोकं काय होतं ते सांगतो.

माझा जन्म तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला. शाळा मराठी, घर मराठी, भांडण मराठी. तेलुगू बोलायला येत होतं, कारण बाजारात बोलल्याशिवाय भागत नाही. पण वाचण्याच्या नावाने शून्य. सगळं आंध्र प्रदेश सरकार तेलुगूत लिहायचं आणि मी त्याच्याकडे नुसता बघत राहायचो. बसच्या पाट्या मी आकारावरून ओळखत असे. निर्मलची पाटी म्हणजे दोन वाट्या आणि एक पळी. आदिलाबादची पाटी म्हणजे शेवटी वाकडी नथ. या विद्येच्या जोरावर मी एकदा इचोड्याला जायला निघून भलत्याच गावच्या मुक्कामी बसमध्ये झोपलो होतो, पण ते राहू द्या.

भैंशात माझं छोटंसं आडत दुकान होतं. भैंसा कापसाचं गाव. हळदीला तिथे फारसा मान नाही. त्या साली तर निजामाबादच्या मोठ्या बाजारातसुद्धा हळदीला कुणी विचारत नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, आपली सगळी हळद घरातच थोपवून धरली होती. भाऊजी शाळेत शिपाई, त्यामुळे शेत आक्काच्या हातात. तिच्या शेतात वर्षभर जे काही होतं ते म्हणजे ती हळद. दुसरं पीक नाही.

अशात कलकत्त्याचा एक दलाल फोनवर भेटला. बांगलादेशात त्याचं गिऱ्हाईक होतं. ते आमची हळद घ्यायला तयार होतं, पण एका अटीवर. आसपासच्या काही देशांनी आपसांत करार केला होता की एकमेकांच्या मालावर सीमेवरची जकात कमी घ्यायची. मात्र माल खरोखर त्याच देशात पिकलेला पाहिजे. तिसरीकडून आणून आपल्या नावावर खपवलेला चालणार नाही. म्हणून हळद भारतातच पिकली असा सरकारी दाखला सोबत हवा. दाखला असेल तर जकात कमी आणि गिऱ्हाइकाला आमची हळद परवडणार. नसेल तर पूर्ण जकात, आणि मग तुमची हळद तुम्हीच खा.

मी आक्काला म्हणालो, "तुही हयद मी फॉरेनले पाठवतो."

"तू?" ती म्हणाली. "तुले भैंशाहून बासरले धड जाता येत नाई."

तरी तिने दिली. भावाला देतात तशी, तोंडाने नाही म्हणत, हाताने पोती भरत.

दाखला द्यायला हैदराबादहून तपासणी अधिकारी येणार, माल बघणार, मग सही करणार. इथे माझं डोकं चाललं. साहेब तेलुगू. मग पोत्यावर तेलुगू अक्षरं असली तर माल आंध्र प्रदेशचाच, हे त्याला वेगळं सांगायला नको! बारदानवाल्याकडे गेलो तर समोरच गठ्ठा. घट्ट विणीची, मजबूत पोती, आणि प्रत्येकावर हिरव्या शाईने गोल गोल, गरगरीत अक्षरं. एवढी गोल अक्षरं जगात तेलुगूशिवाय कुणाची असतात? मला तर ती नेहमीच्या तेलुगूपेक्षाही जास्त तेलुगू वाटली. सरकारी असतील, म्हणून जरा जास्त गोल.

हमालांच्या मुकादमाला मी विचारलं होतं, हे सांगून ठेवतो. म्हणालो, "काय लिहिलं असंल रे याच्यावर?"

तो म्हणाला, "शेठ, आपल्याले तं मराठीबी वाचता येत नाई."

झालं. माझी चौकशी संपली.

साहेब आले ते सकाळीच. अंगाने बारीक, पांढरा शर्ट, बोलणं कमी. उन्हाळा असा की गोदामाच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. दारात कलकत्त्याचा ट्रक लागलेला, त्याचा ड्रायव्हर चाकाला टेकून आमच्याकडे बघत होता. मी चहा मागवला, पंखा साहेबांकडे वळवला. शेताची पहाणी, म्हणजे कुणाच्या शेतात काय पीक आहे याचा महसुली उतारा, मी आधीच आणून ठेवला होता. साहेबांनी तो वाचला, मान हलवली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी मनातल्या मनात आक्काला बोलायची वाक्यं जुळवत होतो.

मग ते पोत्यांच्या थप्पीसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"ही कुठली भाषा?" त्यांनी हिंदीत विचारलं.

मी छाती काढून सांगितलं, "तेलुगू, साब. आपली तेलुगू."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा पोत्याकडे. मग शांतपणे म्हणाले, "मी गोदावरीकाठचा. माझे वडील तेलुगूचे मास्तर होते. जरा वाचून दाखवता का?"

"चष्मा घरी राहिला, साब."

"खिशात आहे तुमच्या."

मी चष्मा लावला. अक्षरांनी माझ्याकडे बघितलं, मी अक्षरांकडे. मुकादम हळूच दाराबाहेर सरकला. साहेबांनी खाली वाकून एका पोत्याचा शिवणीजवळचा कोपरा उलगडला. तिथे विटक्या इंग्रजीत बारीक लिहिलेलं होतं, आणि तेवढी इंग्रजी मलाही येत होती. यांगोन.

"ब्रह्मदेश," साहेब म्हणाले.

मी घाईघाईने सांगायला लागलो की साब, ही जुनी पोती आहेत, डाळमिलमध्ये तिकडची तूर येते, तिची पोती बाजारात विकली जातात. साहेबांनी हात वर केला.

"ब्रह्मदेश त्या करारात नाही. ब्रह्मदेशात हळदही पिकते. तिथली हळद तुमच्या नावावर कमी जकातीत बांगलादेशात गेली, तर माझी नोकरी गेली. आता मला सांगा, या पोत्यांमध्ये जे आहे ते तिथलं नाही हे मी कशावरून मानू?"

"पहाणी आहे ना साब."

"पहाणीवरून शेत कळतं. पोत्यातली हळद त्या शेतातली आहे, हे पहाणीवरून कळत नाही." ते घड्याळ बघून म्हणाले, "मी जेवून येतो. तोवर विचार करा. संध्याकाळी माझी हैदराबादची गाडी आहे. आज पटलं नाही तर मूळ सिद्ध झालं नाही असं लिहीन, आणि मग या मालासाठी हा दाखला पुन्हा मागता येणार नाही."

विचार करा, असं ते स्पष्ट म्हणाले होते. विचार केला असता तर बरं झालं असतं.

मी मुकादमाला बोलावलं. "पोती उलटी करा."

"म्हंजे?"

"माल ओता, पोतं उलटं करा, छापलेली बाजू आत, आन् परत भरा. चला, लवकर."

"शेठ," तो म्हणाला, "सायेब आला तं?"

"सायेब जेवून राह्यला."

"सायेब काय बाळंतीण हाय का, सावकाश जेवाले?"

पण मालक म्हटल्यावर त्यांनी ओतायला सुरुवात केली. गोदामाच्या मधोमध आक्काच्या हळकुंडांचा ढीग झाला. हळदीची धूळ उठली ती पत्र्यापर्यंत. हमाल पिवळे, पंखा पिवळा, माझ्या मिशा पिवळ्या. पोती उलटली तर दिसलं काय? हिरवी शाई तागातून आरपार गेलेली. अक्षरं दुसऱ्या बाजूनेही तशीच दिसत होती, फक्त उलटी. खरं सांगतो, उलटी झाल्यावर तर ती मला अजूनच तेलुगू वाटली.

आणि साहेब काही बाळंतीण नव्हते. अर्धी थप्पी उलटी, अर्धी सुलटी, मध्ये ढीग आणि ढिगावर मी उभा, दोन्ही हातांत एक पोतं, त्याचं तोंड बाहेर ओढतोय, अशा अवस्थेत त्यांनी मला बघितलं.

ते ओरडले असते तर चाललं असतं. ते ओरडले नाहीत.

"सकाळी मला वाटलं होतं तुम्ही चुकलात," ते म्हणाले. "आता वाटतं, तुम्ही लपवताय."

तोवर मला हा सगळा माझ्या फजितीचा मामला वाटत होता, फजितीची मला सवय. पण लपवताय या शब्दाबरोबर एकदम आक्काचं घर दिसलं. तिने हळद भरताना पोत्याचं तोंड शिवायला स्वतः दाभण धरला होता. हमाल शिवतील म्हटलं तर म्हणाली, त्यांचे टाके सैल असतात.

"हळद कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"बहिणीची, साब."

"बहीण कुठे?"

"गावी. मुधोळच्या पलीकडे."

त्यांनी ढिगातली दोन हळकुंडं उचलून शर्टाच्या खिशात टाकली. "चला. जीपमध्ये बसा."

निघताना मुकादम म्हणाला, "तुमी जा शेठ. मी तवर कोरे पोते पाहून ठेवतो." मग जरा थांबून, "पांढरे. कायबी न लिवलेले."

जीप मुधोळच्या रस्त्याला लागली. साहेब समोर, मी मागे. खिडकीतून गरम वारं येत होतं. साहेबांच्या पांढऱ्या खिशावर हळदीचा डाग हळूहळू पसरताना दिसत होता आणि सांगावं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. शेवटी सांगितलं नाही. त्या दिवशी सांगायच्या गोष्टी माझ्याकडे आधीच खूप होत्या.

आक्का अंगणात विकत आणलेली तूर पाखडत होती. अनोळखी माणूस बघून पदर सावरून उठली, "रंडि सर, कूर्चोंडि," म्हणजे या, बसा, असं तेलुगूत म्हणाली. बाजारात हळद विकून विकून तिचं बोलायचं तेलुगू माझ्यापेक्षा सरस होतं, वाचायला मात्र तिलाही येत नव्हतं; साहेबांशी पुढचं सगळं ती तेलुगूतच बोलली, मी ते आमच्या मराठीत सांगतो. मी तिला चुलीपाशी नेऊन भराभरा सांगितलं. ती हातातलं सूप खाली न ठेवता ऐकत होती.

"पोते कोनं घेतले?"

"मी."

"वाचून पाह्यले?"

"आक्का, तुले मालूम हाय मले..."

"तं मंग इचारलं काऊन नाई कोनाले?"

"मुकादमाले इचारलं."

तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मला सूप आपल्या डोक्यात बसेल असं वाटलं. पण साहेब बाहेर होते. तिने सूप भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "चाला सायेब, वावर दाखवते."

शेतात दाखवण्यासारखं काही नव्हतंच. हळद काढून बरेच दिवस झालेले. ढेकळं आणि त्यांच्यावर शेळ्या. हळद उकडायची मोठी कढई भाड्याची होती, ती परत गेलेली. आक्काने चुलाणाचा खड्डा दाखवला, आतली राख दाखवली.

साहेब म्हणाले, "अम्मा, राख कशाचीही असते."

तिने बांधावर वाळून पडलेला पाला दाखवला. त्यांनी तो उचलून वास घेतला, टाकून दिला. "हा तुमच्याकडचा आहे, ठीक. पण गोदामात एवढा माल आहे. थोडी इथली आणि बाकी तिकडची, असं करतात लोक. मी पकडलेले आहेत." त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. ऊन उतरायला लागलं होतं. "शेतात यंदा हळद किती होती हे दाखवणारं काही आहे का?"

आक्काने आंब्याकडे बघितलं आणि नजर परत वळवली. उत्तर तिच्याकडे होतं; ते द्यायचं की नाही, हे ती ठरवत होती. तिचा सख्खा भाऊ असून एवढं मला समजलं नाही. मी तडक पुढे झालो.

"आहे ना साब! बेणं आहे! ते बघा, आंब्याखाली. उघडून दाखवतो!"

हळद काढल्यावर पुढच्या पेरणीसाठी चांगले चांगले कंद वेगळे काढतात, ते बेणं. आमच्याकडे ते झाडाच्या सावलीत रचून हळदीच्याच पाल्याने झाकतात आणि वर माती-शेणाचा जाड लेप देतात. मग मृग लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. उन्हाळ्याचं वारं आत गेलं की कंद आतून सुकतो आणि पेरला तरी डोळा फुटत नाही. लेप वाळला की आक्का त्याला हळदीकुंकू लावते आणि त्या दिवसापासून भाऊजींनासुद्धा त्या आंब्याखाली टेकू देत नाही. आणि मी, एका परक्या माणसाला, भर उन्हाळ्यात, तो ढीग उघडून दाखवतो म्हणालो होतो. तेही तिला न विचारता.

आक्का ढिगाच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"सायेब," ती म्हणाली, "हे उघडलं तं तुमी लिवून देता काय?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू, अम्मा?"

"आन् नाई उघडलं तं?"

साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. उत्तर तेच होतं. या सालची हळद गोदामात जमिनीवर पडली होती, पुढच्या सालची तिच्या पाठीमागे लेपाखाली होती, आणि दोन्हीच्या मध्ये आक्का उभी होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने माझ्याकडे न बघताच म्हटलं, "तू पाणी आन. दोन घागरी. आन् बोलू नको."

मी विहिरीकडे पळालो. घागरी घेऊन परत आलो तोवर तिने पदर खोचून विळ्याच्या मुठीने लेप फोडायला सुरुवात केली होती. कोरडी माती ढपल्याढपल्याने पडत होती. एका बाजूला तिने खिंडार पाडलं, पाला बाजूला सारला, आणि आतून थंड, ओलसर, कच्च्या हळदीचा वास आला. साहेब गुडघ्यांवर बसले. हात खांद्यापर्यंत आत घातला. या बाजूने, मग त्या बाजूने. ढिगाभोवती एक फेरी मारली, पावलांनी त्याची लांबी अजमावली. आतला एक कंद काढून त्यांनी मोडला. मग खिशातलं हळकुंड काढलं, ते विळ्यावर ठेवून फोडलं आणि दोन्ही तुकडे शेजारी धरून उन्हात बघत राहिले.

आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आक्काचा हात खिंडारावर होता, पाला दाबून धरलेला, जणू त्या हाताने वारं थांबणार होतं. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही; आठवलं तरी सांगणार नाही, कारण त्यातलं काहीच पाळलेलं नाही.

"जात एकच आहे. आणि एवढं बेणं," साहेब शेवटी म्हणाले, "जो बाहेरून हळद आणून विकतो तो कशाला ठेवील? एवढं बेणं ठेवणाऱ्याच्या शेतात गोदामातली सगळी हळद निघालेली असणार." त्यांनी हात झटकले. "बंद करा अम्मा, लवकर. वारं लागतंय."

आक्काने तोवर पाला ओढून खिंडार बुजवायला घेतलंही होतं.

"पण," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "माल कोऱ्या पोत्यांत, माझ्यासमोर भरायचा. त्या पोत्यांतलं एकही मला दिसलं तर सही केलेला कागद फाडीन."

"फाडा साब, फाडा," मी म्हणालो. आनंदात माणूस काहीही बोलतो.

माती कालवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. नवा सफारी घातलेला, त्यातच गुडघ्यापर्यंत चिखल तुडवला. आक्का पाला रचत गेली, मी वरून लेप थापत गेलो. मी थापलेलं ती पुसून पुन्हा थापायची. साहेब आंब्याच्या बुंध्याशी उभे राहून तपासणीचा कागद लिहीत होते. भाऊजी शाळेतून आले, लांबूनच ढीग उघडा बघून थबकले आणि काही न विचारता घरात निघून गेले. त्या घरात टिकून राहायचं ज्ञान माझ्यापेक्षा त्यांना जास्त होतं. त्या बेण्यातलं खिंडाराच्या बाजूचं बरंचसं पुढे उगवलं नाही. आक्का मला अजून दर मृगाला त्याची आठवण करून देते.

लिहून झाल्यावर साहेबांनी कागद मोठ्याने वाचला, तिला कळावा म्हणून तेलुगूत: माल हळद, पिकलेला देश भारत, जिल्हा आदिलाबाद, शेत आणि बेणं समक्ष पाहिलं, मूळ सिद्ध. खाली सही केली. त्यांचा पांढरा खिसा आता पुरता पिवळा झाला होता आणि त्यांच्या ते लक्षातही आलं होतं, पण ते माझ्यावर रागावले नाहीत. इतकंच विचारलं, "अम्मा, आणखी काही?"

आक्काने हातांची माती धुतली. कोपरापर्यंत लेपाने भरलेल्या, मिशा पिवळ्या असलेल्या आपल्या भावाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि साहेबांना नीट समजावं म्हणून मुद्दाम सावकाश, तेलुगूतच म्हणाली:

"हयदीचं झालं, सायेब. आता याचंबी एक सर्टिफिकेट देऊन टाका, का हा आमच्या घरचा माल नाई म्हून."